आवक आहे, जावक नाही



आमच्या आळीतल्या महिला मंडळाची स्मरणिका निघणार आहे. मंडळाची जुनी सभासद म्हणून माझ्याकडे लेख मागितला. विषय त्यांनीच ठरवून दिला होता, 'मंडळाच्या गोड आठवणी'. मी म्हटलं, नुसत्या आठवणी कशाला, मंडळाचा जुना पत्रव्यवहार वाचते आणि त्यावरच लिहिते. कार्यकारिणीने मान डोलावली. लेख दिला. पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा त्यातल्या चार परिच्छेदांवर लाल रेघ होती. अध्यक्षबाई माझ्याहून लहान, स्वभावाने चांगल्या, कामाला वाघ. मला म्हणाल्या, "काकू, राग मानू नका. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्यांनी ही पत्रं लिहिली त्या आता नाहीत. त्यांच्या सुना, नाती स्मरणिका वाचणार. त्यांना काय वाटेल?"

ही म्हण मी जन्मभर ऐकत आले आहे. नवऱ्याने मारलं तरी झाकली मूठ, दिराने जमीन लाटली तरी झाकली मूठ. या मुठीत दरवेळी कुणाची तरी मान असते, असा माझा अनुभव आहे. आता मंडळाच्या कागदांवरही तीच मूठ आवळली जात असेल तर गप्प बसणं बरं नव्हे. म्हणून स्मरणिकेत जे मावलं नाही ते आपल्या त्रैमासिकात लिहिते आहे.

आधी हे कागद माझ्या हाती कसे आले ते सांगते. मंडळाला स्वतःची जागा कधीच नव्हती. सभा कुणाच्या तरी पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात. दप्तर जी चिटणीस असेल तिच्या घरी. एका जुन्या चिटणीसबाईंचं घर पाडून तिथे इमारत उभी राहायची होती. त्यांच्या नातवाचा फोन आला, "माळ्यावर आजीच्या मंडळाचे कागद आहेत, रद्दीवाल्याला देऊ की तुम्ही नेता?" मुलगा गुणी, त्याने निदान विचारलं. न विचारता गेलेली दप्तरं किती असतील! आपल्या गावातली जुनी घरं एकामागून एक पडत आहेत आणि प्रत्येक माळ्याबरोबर कुणा ना कुणा बायकांच्या संस्थेचे कागद बंबात नाहीतर रद्दीत जात आहेत. जे उरतात त्यांना आमचा पाऊस पुरून उरतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात कागद आपोआप टिकत नाही. टिकवावा लागतो.

ट्रंकेत काय होतं? इतिवृत्ताच्या वह्या, पावतीपुस्तकं, आवक-जावकाची दोन रजिस्टरं, कार्बनच्या निळ्या प्रती आणि वाकड्या तारेत ओवलेली पोस्टकार्डं. पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती पत्त्याची. मंडळाला आलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्रावर मंडळाच्या नावाखाली लिहिलेलं, 'द्वारा श्री. अमुक अमुक'. म्हणजे चिटणीसबाईंचे यजमान. पत्र बायकांच्या संस्थेचं, उत्तर बाईने लिहायचं, तिकिटाचे पैसे बायकांच्या वर्गणीतून जायचे, पण पोस्टमनला घर सापडायचं ते पुरुषाच्या नावावर. ही तेव्हाची सोय होती, हे मला मान्य आहे. पण या सोयीचा पुढे काय परिणाम झाला पाहा. कागद घरात पडून राहिले ते 'आजोबांचे कागद' म्हणून. आजोबांच्या जमिनीचे उतारे काढून घेतले गेले, बाकीचं निरुपयोगी ठरलं. बायकांच्या कामाचा पुरावा असा स्वतःच्या पत्त्यावाचून हरवतो.

आता पत्रांकडे येते. महिला मंडळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हळदीकुंकू, पाककृती आणि उखाणे येतात. तेही सगळं होतं, ते मी नाकारत नाही. पण जावक रजिस्टर उघडा. नगरपालिकेला पत्र, आळीच्या वरच्या अंगाला नळाला पाणी चढत नाही. पुन्हा पत्र. पुन्हा स्मरणपत्र. वीज कंपनीला पत्र, देवळामागच्या वळणावर दिवा नाही, संध्याकाळी शिकवणीहून येणाऱ्या मुलींना त्रास होतो. एस. टी. स्थानकावर बायकांसाठी वेगळी मुतारी हवी. रेशनवर रॉकेल मिळत नाही. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणाऱ्या बायकांना बसायला सावली नाही. आज ज्याला आपण नागरिकांचे प्रश्न म्हणतो ते हेच. या बायकांनी त्यांना असं काही नाव दिलं नव्हतं. सा. न. वि. वि. लिहून त्या आपलं म्हणणं मांडत होत्या आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा मांडत होत्या.

यात आश्चर्य वाटायला नको. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या, राज्यात सर्वांत जास्त. बाहेरचे लोक हा आकडा ऐकून म्हणतात, वा, कोकणात मुलींना किती मान! मानापेक्षा मुंबईचा संबंध जास्त. पिढ्यान्‌पिढ्या कमावते पुरुष मुंबईला आणि घर, शेत, म्हातारी माणसं, कोर्टकचेरी बायकांच्या गळ्यात. मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा अशी आमची ख्याती. पण मनीऑर्डर थांबली की काय होतं हे कुणी लिहिलं? ते या दप्तरात आहे. पोस्टमन दोन महिने फिरकला नाही की बाई मंडळाकडे यायची. चिटणीसबाई तिच्या वतीने मुंबईला पत्र घालायच्या. आधी नवऱ्याच्या खोलीवर, मग गाववाल्यांच्या मंडळाला, मग गिरणीच्या पत्त्यावर. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाचा इतिहास पुढे लिहिला गेला. त्या संपात रत्नागिरीतल्या चुली कशा चालल्या याचा इतिहास लिहायचा तर असल्याच पोस्टकार्डांतून लिहावा लागेल. दुसरीकडे तो नाही.

मग हे कागद कुणी का जपले नाहीत? ज्या बायकांची पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात ती कशी टिकली, ते आठवून पाहा. सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आपल्यापर्यंत पोचली, कारण ती जोतिरावांना लिहिलेली होती. आनंदीबाई जोशींची पत्रं अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी जपली, म्हणून १८८८ साली तिकडे त्यांचं चरित्र निघू शकलं आणि काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'हिंदू लेडी' या नावाने लिहिलेली पत्रं राहिली, कारण ती टाइम्स ऑफ इंडियात छापली गेली. पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार जमवला तो वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी. तो १९७७ साली राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला. नवरा, परदेशी मैत्रीण, वर्तमानपत्र, जोगीण, कुणीतरी जपणारं होतं. आळीतल्या मंडळाला यातलं कुणीच नव्हतं.

रमाबाईंच्या पत्रांबद्दल आणखी एक सांगण्यासारखं आहे. सिस्टर जेराल्डिन यांनी ती जमवली ती रमाबाईंचं कौतुक करायला नव्हे. रमाबाई आपल्या म्हणण्यात राहिल्या नाहीत, ही त्यांची तक्रार होती. पण आज आपण तीच पत्रं वाचतो तेव्हा आपल्याला दिसते ती धर्माच्या बाबतीतही कुणाचं मुकाट्याने न ऐकणारी, आपल्या बुद्धीने चालणारी बाई. जपणाऱ्याचा हेतू काहीही असो, कागद शिल्लक असला तर पुढच्या माणसाला आपला अर्थ लावता येतो. कागदच गेला तर सगळ्यांचंच तोंड बंद होतं, निंदकाचंही आणि वंदकाचंही.

आमच्या गावाला जपणं ठाऊक नाही असंही नाही. इथलं नगर वाचनालय १८२८ सालचं. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलं आहे आणि ते जपायलाच हवं. पुण्यात १८८४ साली मुलींचं हायस्कूल निघालं तेव्हा तिथल्या शिक्षणक्रमाला त्याच टिळकांनी विरोध केला, हेही आपल्याला माहीत आहे, कारण त्यांचं लिहिणं छापील स्वरूपात जपलं गेलं. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. त्या काळात सर्व जातींच्या बायकांची एकत्र हळदीकुंकवं झाली, १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं. हे कुणी घडवलं ते गावातलं शाळकरी पोर सांगेल. पण त्या हळदीकुंकवाला कोण बाई कुणाशेजारी बसली, घरी परतल्यावर सासूने तिला आंघोळ करायला लावली का, पुढच्या वर्षी ती पुन्हा आली का? हे त्या बायकांनाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. बायकांच्या मंडळाच्या सोहळ्याबद्दलही आपल्याकडे पुरुषांच्या चरित्रांतून कळतं!

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, पुरुषांनी आपला इतिहास पुसला, हे तर आपण किती वर्षं म्हणतो आहोत. खरं आहे. पण आता आपल्या अंगावर येणारी गोष्ट सांगते. आपण, चळवळीतल्या बायकांनीही, या मंडळांना तुच्छ लेखलं. १९७५ नंतर आपण संघटना काढल्या, शिबिरं घेतली, 'मुलगी झाली हो' पाहून रडलो आणि पेटून उठलो. त्या जोशात 'महिला मंडळी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरू लागलो. पापड-लोणच्यातल्या, हळदीकुंकवातल्या, नटूनथटून भाषण ऐकायला येणाऱ्या. मीही तेच बोलत होते, भाषणात टाळ्याही घेत होते.

या ट्रंकेने माझे कान उपटले. मथुरा प्रकरण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. १९७२ साली चंद्रपूर भागातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० च्या ८ मार्चला देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. एका पत्राने हे सुरू झालं, असं आपण नेहमी सांगतो. पण त्याच वर्षी आमच्या आळीतल्या 'महिला मंडळी'ने सरकारला निवेदन पाठवलं होतं, ते मला आता कळलं. निळी कार्बन प्रत, मागे दोन पानं भरून सह्या, शेवटी तीन अंगठे. मी त्याच गावात होते. त्यांनी मला सही मागितली नाही, कारण मी त्यांच्याशी बोलतच नव्हते.

असं म्हणून मी या मंडळाचे गोडवे गायला बसणार, असं अध्यक्षबाईंना वाटलं असावं. लाल रेघ आली ती पुढच्या मजकुरावर. ते चार परिच्छेद थोडक्यात असे.

पहिला, मंडळाच्या खजिनदारबाईंबद्दल. त्या विधवा. बारा महिने हिशेब त्यांचा, पै न पै जुळलेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या खर्चाचा तपशीलही त्यांच्याच अक्षरात, तिळगूळ, वाणाच्या वाट्या, अत्तर, गुलाबपाणी. आणि त्या दिवसाच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नाही. एका वर्षाचं नव्हे, त्या पदावर असेतोवर एकाही वर्षाचं नाही.

दुसरा, नगरपालिकेला लिहिलेल्या एका पत्राबद्दल. आळीच्या तोंडावर मासे विकायला बसणाऱ्या बायकांना तिथून उठवावं, वास येतो, घाण होते, असा मजकूर. बाजारात खेड्यातल्या बायकांना सावली मागणाऱ्या याच बायका. राजिवड्या-मिरकरवाड्याकडून डोक्यावर पाटी घेऊन चालत येणारी बाई मात्र त्यांना बाई दिसली नाही, घाण दिसली.

तिसरा, एका मारहाणीबद्दल. सासरचा जाच सोसणाऱ्या बाईने मंडळाला लिहिलं. मंडळाने तिला उत्तर दिलं. त्याचा मतितार्थ, थोडं सांभाळून घ्यावं, मुलाबाळांकडे पाहावं, मंडळ घरगुती बाबतीत पडत नाही. तिचं दुसरं पत्र तारेत नाही.

चौथा परिच्छेद शिवणवर्गाचा. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण बोर्ड निघालं आणि गावोगावच्या मंडळांना शिवणयंत्रं, बालवाड्या, वर्ग यांसाठी अनुदान मिळू लागलं. आमच्या मंडळालाही सरकारी मदतीतून शिवणवर्ग मिळाला. साठच्या दशकात गावाबाहेरच्या बौद्धवाडीतल्या काही बायकांनी मंडळाला पत्र लिहिलं. वहीच्या कागदावर, कुणातरी शाळकरी मुलीच्या हातचं, वळणदार अक्षर. आम्हाला या वर्गात शिकायला येता येईल का, फी किती, येताना कात्री आणायची का? एवढंच. पत्राची नोंद आवक रजिस्टरात आहे, क्रमांक आहे, तारीख आहे. त्या रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, 'उत्तर दिल्याचा जावक क्रमांक'. नगरपालिकेच्या पत्रापुढे तो भरलेला आहे, बँकेच्या पत्रापुढे भरलेला आहे, लग्नाच्या आमंत्रणापुढेसुद्धा भरलेला आहे. या पत्रापुढे तो कोरा आहे. मी जावक रजिस्टर पुढची दोन वर्षं ओळीने तपासलं. आवक आहे, जावक नाही.

नकार लिहून द्यायलाही त्यांची लेखणी धजावली नाही. कारण नकार लिहिला असता तर तो पुरावा झाला असता. १९५० पासून संविधान होतं, १९५५ पासून अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होता आणि वर्ग सरकारी पैशावर चालत होता. गप्प बसणं सगळ्यांत सोयीचं.

"तो काळच तसा होता काकू," असं मला सांगण्यात आलं. कोणता काळ? आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यातलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांसमोर भाषण केलं ते आमच्या हाकेच्या अंतरावर. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांच्या परिषदेला सुमारे २५ हजार बायका जमल्या. काळ तसाही होता आणि असाही होता. कुठल्या काळात राहायचं हे मंडळाने ठरवलं. आणि आमच्याच तालुक्यातल्या फणसवळ्याच्या ऊर्मिला पवार यांनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर घरोघर फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना बोलतं केलं, 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केलं. त्यांना घरोघर का फिरावं लागलं? कारण या बायकांच्या कामाच्या ट्रंका कुणाच्या माळ्यावर नव्हत्या. ज्यांच्याकडे कागद होता त्यांच्या रजिस्टरात यांच्यासाठी रिकामा रकाना होता. तो रकाना हादेखील इतिहासच आहे, आणि तो छापायचा नसेल तर बाकीची स्मरणिका कशाला छापायची?

दुसरा आक्षेप बदनामीचा. धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. १८९३ साली त्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. हे कर्व्यांनी लिहून ठेवलं, बाया कर्व्यांनी 'माझे पुराणा'त आपल्या बाजूने सांगितलं. म्हणून मुरूडची अब्रू गेली का? उलट आज मुरूडला कर्व्यांचा अभिमान आहे, आणि बहिष्काराची हकिकत सांगितल्याशिवाय तो अभिमान सांगताच येत नाही. आमच्या मंडळाचंही तसंच आहे. मारहाणीच्या पत्राला "सांभाळून घ्या" म्हणणाऱ्या याच मंडळाच्या पुढच्या पिढीतल्या चिटणीसबाई, १९८३ साली ४९८ अ कलम आल्यानंतर, एका सुनेला घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या अर्जाची प्रतही ट्रंकेत आहे. तो परिच्छेद अध्यक्षबाईंनी ठेवला, त्यावर रेघ नाही. पण आधीचं पत्र काढून टाकलंत तर नंतरच्या अर्जाला किंमत काय? कुठून निघून कुठे पोचलो ते कळलं तरच चाललो असं म्हणता येतं. लाज खोडली की कौतुकही पुसलं जातं.

तिसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. त्या बाईने विश्वासाने लिहिलेलं दुःख आपण छापावं का? नाही, छापू नये. तिचं नाव, गाव, घराणं, काहीही नको. मीही माझ्या लेखात ते घातलं नव्हतं आणि इथेही घातलेलं नाही. पण तिला मंडळाने दिलेलं उत्तर ही तिची खाजगी बाब नव्हे. ती संस्थेची कृती आहे, संस्थेच्या शिक्क्यानिशी केलेली. गुपित बाईचं असतं, संस्थेचं नसतं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. बाईचं दुःख आळीभर चघळलं जातं आणि संस्थेचं वागणं पदराखाली झाकलं जातं.

आता करायचं काय? नुसतं चिडून भागणार नाही. माझ्या मते तीन गोष्टी आजच करता येतील.

पहिलं, आपापल्या गावातल्या, वाडीतल्या जुन्या मंडळांच्या चिटणिसांच्या घरी जा. कागद मागू नका, आधी पाहू द्या म्हणा. गंजलेल्या टाचण्या काढा, कागद मांजरपाटाच्या कापडात बांधा, जमिनीपासून उंच ठेवा, पावसाळ्याआधी उन्हात नव्हे तर सावलीत वारा द्या. प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि एक यादी करा. मुंबईत १९८८ पासून 'स्पॅरो'सारखी संस्था बायकांच्या जगण्याचे पुरावे जमवते आहे, पण एक संस्था प्रत्येक आळीत कशी पोचणार? ते आपलंच काम. कागद वाचनालयाकडे किंवा महाविद्यालयाकडे द्यायचे तर लेखी अटीवर द्या: दप्तर मंडळाच्या नावाने राहील, कुणा श्रीयुतांच्या नावाने नाही. आणि मदत मागणाऱ्या बायकांची नावं झाकली जातील.

दुसरं, ज्यांची नावं रजिस्टरात नाहीत त्यांच्याकडे जा. बौद्धवाडीत, मच्छीबाजारात, बुरखा घेऊन शाळेच्या पायरीवर मुलांची वाट पाहणाऱ्या बायकांकडे. त्यांना विचारा, तुम्ही कुणाला लिहिलं होतं का, उत्तर आलं होतं का? दप्तराचा तो अर्धा भाग त्यांच्या तोंडी आहे आणि त्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत.

तिसरं, आपली स्वतःची पत्रं जपा. १९९७ साली गुहागरात एन्‍रॉनविरुद्ध बायकांनी लाठ्या खाल्ल्या. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण थांबवायला बायका रणरणत्या उन्हात बसल्या, आडव्या झाल्या, पकडल्या गेल्या. त्यांनी निवेदनं दिली, निरोप पाठवले, एकमेकींना धीर दिला. यातलं बरंचसं आता फोनवर असतं. फोन बिघडला, बदलला, पाण्यात पडला की संपलं. ट्रंक निदान दोन पिढ्या माळ्यावर तग धरून होती. पोलिसांकडे त्यांच्या बाजूचे कागद राहतील, कंपनीकडे कंपनीचे राहतील. उद्या कुणी बारसूचा इतिहास लिहायला बसलं तर बायकांच्या बाजूचं काय राहील? आठवड्यातून एकदा एकीने बसून वहीत उतरवून ठेवलं तरी पुरे. वहीला क्रमांक द्या, तारीख घाला. आपल्या आज्यांना हे कळत होतं.

स्मरणिकेतून मी लेख मागे घेतलेला नाही. रेघा मारलेला लेख छापायला मात्र मी परवानगी दिली नाही. त्याऐवजी मंडळाला रीतसर पत्र दिलं आहे. त्यात दोन ठराव सुचवले आहेत. एक, दप्तराची यादी करून ते सुरक्षित ठेवावं. दुसरा, बौद्धवाडीतून आलेल्या त्या पत्राला मंडळाने आता उत्तर द्यावं. ज्यांनी लिहिलं त्यांतल्या काही जणी हयात असतील, नसतील तर त्यांच्या लेकीसुना आहेत. इतक्या वर्षांनी उत्तर देऊन काय उपयोग, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, उपयोग त्यांना होईल की नाही ते त्या ठरवतील. आपल्याला होईल हे नक्की.

पत्र मी स्वतः नेऊन दिलं, माझ्यासमोर रजिस्टरात त्याची नोंद झाली, आवक क्रमांक पडला. पुढच्या सभेत विषय घेऊ असं सांगितलं आहे. शेवटचा रकाना अजून कोरा आहे. मी वाट पाहते आहे, आणि या वेळी ती वाट मी एकटीने पाहू नये, म्हणून तुम्हाला हे लिहिलं.